फुरशाच्या विषातल्या गोळ्याचं बारसं

एका जंगलात, मुलांनो, एक स्फटिकशाळा होती.

हसू नका. तुमच्या तालुक्यात साखर कारखाना चालतो, मग जंगलात स्फटिकशाळा चालायला काय हरकत आहे? तिथे काय करत ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधे मधे बोट वर करायला नको.

आपल्या अंगात प्रोटिनं असतात. रक्तात असतात, दुधात असतात, सापाच्या विषातही असतात. ती इतकी बारीक की गरुडालाही दिसत नाहीत. म्हणून त्यांचा एक थेंब पालथ्या पानाला टांगून ठेवायचा. थेंब हळूहळू आटला की त्यात खडीसाखरेसारखा स्फटिक धरतो. त्या स्फटिकातून क्ष-किरण सोडायचे. पलीकडे ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांचं गणित मुंग्या करायच्या, कारण तेवढी चिकाटी जंगलात दुसऱ्या कुणाला नव्हती. गणित सुटलं की एक नकाशा निघायचा. कुठे किती इलेक्ट्रॉन दाटीवाटीने बसलेत त्याचा नकाशा. त्यावरून प्रोटिनाचा आकार कळायचा.

समजलं? नसेल समजलं तरी मान हलवा. स्फटिकशाळेतही बरेच जण तेच करत.

तर या नकाशात बहुतेक सगळी प्रोटिनाचीच वेटोळी असायची. पण एखाद्या खाचेत एक गोळा एकटाच बसलेला दिसायचा. हा घरचा नव्हे, पाहुणा. कधी पाण्याचा कण, कधी एखादा धातू. मॅग्नेशियम, कॅल्शियम, जस्त, असा कुणीतरी. नकाशात गोळा दिसतो, पण त्याच्या कपाळावर नाव लिहिलेलं नसतं.

म्हणून त्याचं बारसं करायचे.

खरोखरचं बारसं. वेलींचा पाळणा बांधायचा, त्यात नकाशा निजवायचा, बाजूला घुगऱ्या शिजत ठेवायच्या. नाव ठेवायचा मान आत्याचा. सगळ्या शाळेची आत्या एकच, सायाळ आत्याबाई. त्या डुलत डुलत पाळण्यापाशी यायच्या, नकाशाच्या एका कोपऱ्याशी तोंड नेऊन कुर्र करायच्या आणि नाव सांगायच्या. ते नाव मोठ्या वहीत चढायचं. मग घुगऱ्या.

नाव कसं ठरायचं म्हणता? त्यात डोकं कशाला लागतं? आजोबांचं ठेवायचं. नवं प्रोटीन ज्या जुन्या प्रोटिनासारखं दिसेल, ते त्याचे आजोबा. आजोबांच्या खाचेत मॅग्नेशियम, तर नातवाच्या खाचेतही मॅग्नेशियम. आजोबांना ते नाव त्यांच्या आजोबांवरून मिळालेलं. आणि अगदी पहिल्या आजोबांच्या वेळी काय झालं होतं, तर ज्या पाण्यात त्यांचा स्फटिक वाढवला, त्या पाण्यात मॅग्नेशियमचं मीठ घातलेलं होतं. तेव्हा कुणीतरी म्हणालं, पाण्यात तेच आहे तर खाचेत दुसरं कोण असणार? झालं. तेव्हापासून त्या घराण्यात चारशे बारा मॅग्नेशियम नांदत होते.

बारशाची आणखी एक रीत तुम्हाला ठाऊक असेलच. आत्या नाव सांगायला वाकली की बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. शाळेने ही रीत फार विचार करून ठेवली होती. ज्याला नाव पटणार नाही त्याने धपाटा घालायचा. धपाटा पडला की बारसं थांबणार, आणि गोळा नीट मोजला जाणार. रीत उत्तमच. फक्त आत्याबाई सायाळ होत्या. पाठभर हे एवढाले काटे.

"एकोणीस वर्षं नावं ठेवतेय," आत्याबाई सांगायच्या. "एकदाही धपाटा पडला नाही. एकही नाव चुकलं नाही म्हणून."

यात खोटं काही नव्हतं. पहिली दोन वाक्यं तरी खरीच होती.

याच शाळेत मोजणीच्या कामाला भागी नावाची एक चिचुंद्री होती. तिला डोळ्यांनी जेमतेम दिसायचं, पण मिशांनी ती अशी मोजायची की मुंग्यांनी तिच्याकडून पडताळा घ्यावा. शाळेच्या वहीत तिची नोंद 'भागी उंदीर' अशी होती, कारण तिच्या बिळात तिच्या आधी उंदीर राहायचा. चिचुंद्री म्हणजे उंदीर नव्हे, असा अर्ज तिने तीनदा केला. तिन्ही अर्जांवर 'भागी उंदीर यांचा अर्ज मिळाला' असा शेरा पडून परत आला. चौथ्यांदा तिने नाद सोडला.

दुसरी गोष्ट म्हणजे, भागी चिडली किंवा घाबरली की तिच्या अंगाला वास यायचा. भयंकर वास. त्यामुळे तिच्या पंगतीला कुणी बसायचं नाही. एक केरू ससा तेवढा बसायचा. तो तिच्या शेजारच्या बिळातला, लहानपणापासूनचा. त्याला त्या वासाचं काही वाटायचं नाही. रोज सकाळी तो हिरवळीवर चरायला जायचा आणि येताना पानाच्या पुडीत भागीसाठी किडे बांधून आणायचा. किड्यांकडे बघून त्याला मळमळायचं, तरी आणायचा.

एके दिवशी पुडी आली नाही.

केरूला सड्यावर फुरसं चावलं होतं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ, आणि फुरसं म्हणजे वीतभर लांबीचा साप. आकारावर जाऊ नका. त्याचं विष रक्तवाहिन्या आतून कातरत जातं. केरूचा पाय सुजून भोपळ्याएवढा झाला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं.

अस्वलवैद्यांनी त्याला पानांवर निजवलं आणि भागीला समजावून सांगितलं. "फुरशाच्या विषात एक प्रोटीन आहे. ती कातर समज. कातरीला मधे खिळा असतो ना, तसा या प्रोटिनाला एक धातू असतो. खिळा उपसला की कातरीची दोन पाती होतात, मग ती काही कापत नाही. खिळा उपसायचं औषध आहे माझ्याकडे. काळजी करू नकोस."

"खिळा कशाचा आहे?" भागीने विचारलं.

"मॅग्नेशियमचा. मागच्या महिन्यातच बारसं झालं की. तू होतीस."

भागी होती. तिने त्या दिवशी नकाशातला गोळा लांबून पाहिला होता आणि तिच्या मिशा थरथरल्या होत्या. मॅग्नेशियमच्या मानाने हा फारच गलेलठ्ठ दिसतोय, असं तिच्या मनात आलं होतं. मग तिने आत्याबाईंच्या पाठीकडे पाहिलं, द्रोणातल्या घुगऱ्या खाल्ल्या आणि ती घरी आली. आता केरूजवळ बसून तिला त्या घुगऱ्यांची लाज वाटत होती.

वैद्यांनी मॅग्नेशियम उपसायचं औषध दिलं. दुपारी केरूच्या बऱ्या पायातही गोळे यायला लागले. अंग थरथरायला लागलं. हिरड्यांचं रक्त थांबलं नाही.

"औषध लागू पडतंय," वैद्य म्हणाले. "अंगातलं मॅग्नेशियम भराभर निघतंय."

"पण रक्त वाहतंय," भागी म्हणाली.

"हो. तेवढं एक औषधाच्या बाजूने दिसत नाही."

तेवढ्यात दारातून फुरसं आत आलं. शरमलेलं होतं. "मुद्दाम नाही चावलं," ते म्हणालं. "याने शेपटीवर उडी मारली. आता कसं आहे?"

"उद्या संध्याकाळपर्यंत निघाला तर निघाला," वैद्य म्हणाले.

फुरसं वेटोळं घालून बसलं. "मॅग्नेशियम म्हणताय, पण आमची आजी सांगायची, आपल्या घराण्यात पहिल्यापासून जस्त."

भागीने मान हलवली. "तुझी आजी आणि आत्याबाईंचे आजोबा, दोघंही राहू देत. मी मोजते."

ती शाळेत गेली. फुरशाच्या प्रोटिनाचा नकाशा बाहेर काढला आणि खाचेत मिशा घातल्या. तिथली अंतरं अँगस्ट्रॉममध्ये मोजतात. एका केसाच्या जाडीचे दहा लाख भाग करा, त्यातला एक भाग साधारण तेवढा. आधी तिने गोळ्याला किती जणांनी धरलंय ते मोजलं. चौघांनी. तिघे हिस्टिडीन होते, म्हणजे प्रोटिनाचेच तीन हात, आणि चौथा पाण्याचा कण. गोळ्यापासून हातांचं अंतर दोन अँगस्ट्रॉमच्या जरा वर. मॅग्नेशियमला भोवती सहा जण लागतात, आणि तेही शक्यतो ऑक्सिजनवाले. हिस्टिडीन पुढे करतो तो नायट्रोजन. चौघांत भागवणारा आणि नायट्रोजनावर खूश असणारा म्हणजे जस्त.

मग तिने मुंग्यांना म्हटलं, "इथे मॅग्नेशियम धरलंय ना, त्या हिशेबाने काय उरतं ते दाखवा."

उरलेले इलेक्ट्रॉन मुंग्या हिरव्या रंगात दाखवायच्या. खाच हिरवीगार झाली. मॅग्नेशियमकडे इलेक्ट्रॉन दहा-बारा. इथे बसलेला तिसाच्या घरातला होता. शेंबड्या पोराचा सदरा पैलवानाला चढवला होता, आणि महिनाभर कुणी काही बोललं नव्हतं.

भागी नकाशा घेऊन आत्याबाईंकडे गेली. त्या उद्याच्या बारशासाठी हरभरे निवडत होत्या. उद्या घोणसाच्या विषातल्या गोळ्याचं बारसं होतं. घोणसाचं प्रोटीन म्हणजे फुरशाच्या प्रोटिनाचं नातवंड, तेव्हा नाव ठरलेलंच.

"आत्याबाई, तो मॅग्नेशियम नाही. चौघांनीच धरलंय त्याला, आणि वर एवढं हिरवं उरतंय."

"अगं, लहान आहे अजून. पुढे मिळतील आणखी दोघे."

"गोळा वाढत नसतो, आत्याबाई."

"हे बघ, त्याच्या आजोबांचं नाव मॅग्नेशियम. तू मोजायला लागलीस की उद्या आजोबांनाही मोजशील. मग त्यांच्या आजोबांना. चारशे बारा घरांत भांडणं लावायची आहेत का तुला?" आत्याबाईंनी एक किडका हरभरा बाजूला टाकला. "शंका असेल तर किरणाखाली घालून दाखव. पण किरणासाठी अर्ज लागतो."

अर्जात एक रकाना होता, 'शंका'. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'शंका बारशापूर्वी घ्यावी'.

भागी वैद्यांकडे धावली. वैद्य मनाने वाईट नव्हते. फार टापटिपीचे होते, एवढंच. "जस्त उपसायचं औषध आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "वहीत जस्त येऊ दे, त्याच घटकेला देतो. वहीबाहेरचं औषध मी आजवर दिलेलं नाही."

केरूने एक डोळा उघडला. "भागे, आज किडे राहिले गं," तो म्हणाला.

भागीला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. मग वास सुटला, आणि वैद्यांना बाहेर काहीतरी काम आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी शाळा बारशाला गेली. किरणाच्या गुहेवर पहारा करणारं मुंगूसही गेलं, कारण घोणसाचं बारसं म्हणजे त्याला घरचं कार्य वाटलं. मुंग्या तेवढ्या मागे राहिल्या. मागच्या बारशाला त्यांनी पातेलंभर घुगऱ्या उचलून वारुळात नेल्या होत्या, म्हणून या वेळी त्यांना आमंत्रण नव्हतं.

फुरशाच्या प्रोटिनाचा एक स्फटिक पानाला चिकटून राहिलेला होता. भागीने तो हळूच सोडवला आणि गुहेत नेला.

आता नीट ऐका, शेवटचं अवघड सांगतो. प्रत्येक धातूची किरणाच्या जोरात एक ठरलेली पायरी असते. किरण त्या पायरीच्या जरा वर नेला की तो धातू नकाशात उठून दिसतो. जरा खाली आणला की गप्प होतो. जस्ताची पायरी जस्ताचीच. त्या पायरीवर मॅग्नेशियमला काही फरक पडत नाही.

भागीने किरण जस्ताच्या पायरीच्या वर नेला. मुंग्यांनी गणित केलं. खाचेत नेमका तो गोळा लख्ख उठून आला. तिने किरण खाली आणला. गोळा विझला. पुन्हा वर नेला. पुन्हा लख्ख.

"जस्त," मुंग्या म्हणाल्या. मुंग्या जास्त बोलत नाहीत.

भागी दोन्ही नकाशे तोंडात धरून बारशाच्या मांडवात पोचली तेव्हा आत्याबाई पाळण्याशी आल्या होत्या. त्या वाकल्या. त्यांनी कुर्र केलं. एकदा नाव उच्चारलं की ते वहीत चढणार आणि त्या घराण्याचं पान महिनाभर बंद होणार, हे भागीला माहीत होतं. केरूकडे संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता. ओरडून उपयोग नव्हता, तिचा आवाज तो केवढा. नकाशे खाली ठेवून तिने डोळे मिटले आणि पंजा उचलून आत्याबाईंच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

तीन काटे तिच्या पंज्यातून आरपार गेले.

आत्याबाई तशाच वाकलेल्या राहिल्या. एकोणीस वर्षांत त्यांच्या पाठीला कुणी हात लावला नव्हता. रागाने लावला नव्हता, आणि मायेनेही लावला नव्हता.

त्या सावकाश वळल्या. भागीचा पंजा पाहिला. मग खाली पडलेले नकाशे उचलून डोळ्यांजवळ नेले, एक वरच्या किरणाचा, एक खालच्या. फार वेळ पाहत राहिल्या.

"मीसुद्धा मोजायचे गं," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्या वर्षी एकेका गोळ्याला आठ-आठ दिवस द्यायचे. मग दिवसाला चाळीस पाळणे यायला लागले." त्यांनी तोंडाने भागीच्या पंज्यातले काटे एकेक करून काढले. मग वैद्यांना म्हणाल्या, "जा, जस्ताचं औषध द्या त्याला."

"पण वहीत अजून..."

"वहीचं बघू. ससा काही वही वाचत नाही."

वैद्य धावत गेले. संध्याकाळी केरूच्या हिरड्यांचं रक्त थांबलं. तिसऱ्या दिवशी त्याने गवत मागितलं. आठव्या दिवशी तो लंगडत लंगडत हिरवळीवर गेला आणि भागीला पुडी आणून दिली. भागीने ती त्याच्यासमोरच खाल्ली, आणि त्याने तोंड फिरवलं.

इथे गोष्ट संपली असं वाटलं ना? तुम्ही शाळेच्या समितीला विसरलात.

समिती बसली. वहीत जस्त घातलं तर चारशे बारा नावं पुन्हा मोजावी लागणार. मॅग्नेशियम ठेवलं तर पुढचा ससा मरणार. दोन दिवस काथ्याकूट झाला. मग एका वयस्कर सांबराने तोडगा काढला. आपल्याकडे मुलाला दोन नावं असतातच की. एक राशीचं, एक व्यवहाराचं. तसं या गोळ्याचं राशीचं नाव जस्त, ते वैद्यांच्या कानात सांगावं. व्यवहारात मात्र मॅग्नेशियमच म्हणावं, आजोबांचा मान राहतो. सगळ्यांना ते एकदम पटलं. वैद्यांनी आपल्या टिपणात लिहिलं, 'मॅग्नेशियम उपसल्यामुळे रोगी बरा झाला.'

भागीचा सत्कारही झाला. आत्याबाईंनी आपणहून निवृत्ती घेतली आणि नवी आत्या म्हणून भागीचं नाव सुचवलं. 'श्रीमती भागी उंदीर यांची आत्यापदी नेमणूक करण्यात येत आहे,' असं पत्र आलं. भागीने ते जपून ठेवलं.

पहिल्या दिवशी चाळीस पाळणे आले. पहिला गोळा तिने दिवसभर मोजला. दुसऱ्या दिवशी दोन मोजले. आठवडा संपेतो मांडवाबाहेर पाळण्यांची रांग लागली, आणि घुगऱ्यांच्या पातेल्याला साय धरायला लागली. लोक पोटाला हात लावून बसलेले. मुंगूस दोनदा जांभई देऊन गेलं. भागीचे डोळे दुखत होते, पंजा ठणकत होता. ती पुढच्या पाळण्याशी गेली, वाकली आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"याच्या आजोबांचं नाव काय होतं?"

कुणीही धपाटा घातला नाही. भागीच्या पाठीला काटे नव्हते, पण चिडचिड झाल्यामुळे वास सुटला होता, आणि दहा हातांच्या आत यायची कुणाची छाती नव्हती.

कुर्र करायला तिने तोंड उघडलं, आणि पाठीत एक धपाटा पडला. अगदी मऊ.

मागे केरू उभा होता, एका पायावर भार देऊन. वासाचं त्याला काही नव्हतं. त्याने फक्त सुजेची खूण राहिलेला पाय पुढे केला.

भागी त्या पायाकडे पाहत राहिली. मग गुपचूप पाळण्यातला नकाशा काढला, खाली बसली आणि मोजायला लागली. संध्याकाळ झाली तरी मोजतच होती. घुगऱ्या गारढोण झाल्या, आणि त्या दिवशी सगळी शाळा उपाशी झोपली.

दुसऱ्या दिवशी समिती पुन्हा बसली. या वेळी कसलाही काथ्याकूट झाला नाही. पुढच्या बारशापासून केरूला आमंत्रण जाईनासं झालं.

तात्पर्य: मुलांनो, गोळा मोजून नाव ठेवावं की आजोबांवरून ठेवावं, हा ज्याच्या त्याच्या सवडीचा प्रश्न आहे. पण घुगऱ्या गरम खायच्या असतील, तर त्या नावावर ज्याचा जीव टांगलेला होता, त्याला बारशाला बोलावू नये.